‘बॅग भरलेली असते’

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांत एकत्र व्यवसाय करणारी जोडपी वाढली आहेत. कोणाची खानावळ असते, कोणाचे शिकवणीचे वर्ग असतात, कोणाचे कापडाचे दुकान असते. तक्रार मात्र बहुतेक वेळा एकच असते. ‘‘चोवीस तास बरोबर असतो, पण कामाशिवाय एक वाक्य बोलत नाही. मी एवढं करते, पण त्यांना त्याची जाणीव नाही.’’ नवराही हेच म्हणतो, आणि त्यालाही ते तितकेच मनापासून वाटत असते. ‘जाणीव’ हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. त्यासाठी एका जोडप्याची हकीकत सांगते. त्या दोघांची संमती घेतली आहे. नावे आणि गाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि आषाढ ते कार्तिक या काळातील अकरा भेटींपैकी मोजकेच प्रसंग येथे मांडते आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी या दोघांचा लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय आहे. तो चाळिशीचा, ती त्याच्याहून तीन-चार वर्षांनी लहान, मुलगी सातवीत. दोन मदतनीस घेऊन तो कार्यालयात फोटो आणि व्हिडिओ काढतो. ती घराला लागून असलेल्या खोलीत संगणकासमोर बसून एडिटिंग करते, अल्बम लावते आणि ग्राहकांचे फोन घेते. तुळशीचे लग्न झाले की यांचा हंगाम सुरू होतो आणि मधला पौष सोडला तर आषाढापर्यंत उसंत नसते. त्यांचे स्वतःचे लग्न वैशाखातले; त्यामुळे करोनाचा काळ सोडला तर लग्नाच्या वाढदिवशी तो गेली चौदा वर्षे दुसऱ्या कोणाच्या तरी मांडवात उभा असतो. चातुर्मास लागला, तारखा संपल्या, आणि हातात वेळ आल्यावर दोघांच्या लक्षात आले की त्या वेळाचे काय करायचे हेच आपल्याला ठाऊक नाही. तेव्हा ते माझ्याकडे आले.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, ‘‘मॅडम, मला थँक्यू नकोय. आपल्या माणसानं थँक्यू म्हटलं की उलट परकं वाटतं. पण मी दिवसभर काय करते, ते ह्यांना ठाऊक तरी असावं.’’

तो म्हणाला, ‘‘हिच्यासाठीच तर करतोय सगळं. आता रोज तोंडानं बोलून दाखवायचं का?’’

दोघांचेही म्हणणे मला आपल्या घरांच्या रीतीला धरूनच वाटले. ‘आभार मानून परके करू नका’ असे आपण पाहुण्यांनाही सांगतो. घरात आभार मानण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आणि मी ती कोणाच्या गळी उतरवत नाही. मात्र आभार न मानणे आणि जाणीव नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच मानल्यामुळे पुष्कळ घरांत नकळत मुकेपणा येतो.

दुसऱ्या भेटीत मी दोघांना एकेक चिठ्ठी दिली आणि एकमेकांना न दाखवता लिहायला सांगितले की व्यवसाय आणि घर मिळून होणाऱ्या कामाचे शंभर भाग केले तर आपल्या वाट्याला किती येतात. त्याने लिहिले पासष्ट, तिने सत्तर. बेरीज एकशे पस्तीस झाली. तिने लगेच त्याच्याकडे पाहिले आणि तो चिठ्ठीकडे पाहत राहिला. वातावरण बिघडण्याआधी मी त्यांना सांगितले की यात कोणी खोटे बोललेले नाही. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातील जोडप्यांना असाच प्रश्न विचारला होता आणि १९७९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथेही बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. विशेष म्हणजे भांडणाला कारण होण्यासारख्या नकोशा गोष्टींतही माणसे आपला वाटा वाढवूनच सांगत होती. म्हणजे हा निव्वळ स्वतःला मोठे समजण्याचा प्रकार नव्हे. आपण केलेले काम आपल्या हातापायांना आठवते आणि दुसऱ्याने केलेले काम आपण बहुधा पाहिलेलेच नसते, एवढे साधे त्यामागचे कारण आहे.

मग मी त्याला लग्नाच्या आदल्या दिवसापासून काय काय घडते ते क्रमाने सांगायला लावले आणि त्याची वाक्ये वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली. तो म्हणाला, ‘‘आदल्या रात्री बॅग भरलेली असते. बॅटऱ्या चार्ज झालेल्या असतात, कार्डं रिकामी असतात. पहाटे पाचला निघायचं; तोवर चहा झालेला असतो. रात्री आलो की कार्डं टेबलावर टाकतो, सकाळी बॅकअप घेतलेला असतो. मग एडिटिंग होऊन जातं, अल्बम जातो.’’

मी ती वाक्ये त्याला सावकाश वाचून दाखवली आणि विचारले, ‘‘बॅग कोण भरते?’’

‘‘ही भरते.’’

‘‘मग आत्ता सांगताना ही कुठे गेली होती?’’

तो काही बोलला नाही. मी तिला बॅगेविषयी विचारले, आणि तिने जे सांगितले ते मी आजही विसरलेले नाही. बारा बॅटऱ्या असतात. चार्ज झालेल्या बॅटरीला ती लाल रबर लावते, म्हणजे अंधाऱ्या कार्यालयात चाचपून कळते. मेमरी कार्डांच्या डब्यांवर चिकटपट्टी लावून क्रमांक घातलेले असतात, आणि कोणतेही कार्ड दोन हार्ड डिस्कवर उतरल्याशिवाय ती पुसत नाही. लेन्स पुसायचे कापड ती धुऊन, इस्त्री करून ठेवते. बाजूच्या खणात सेफ्टी पिना, सुईदोरा आणि काळा धागा असतो, कारण नवरीच्या शालूची निरी ऐन वेळी सुटते आणि त्या गडबडीत सगळे फोटोग्राफरकडेच पाहतात. उन्हाळ्यात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली असते. आणि सर्वांत वर, कॅमेऱ्याच्या पट्ट्याखाली, कागदात गुंडाळलेले दोन शेंगदाण्याचे लाडू असतात.

‘‘लाडू मी खातो,’’ तो म्हणाला, आणि पुन्हा गप्प झाला. वर्षानुवर्षे लाल रबर लावलेल्या बॅटऱ्या वापरूनही ते रबर कोणी आणि कशासाठी लावले, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

येथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण या कामातून मला स्वतःला जे कळले ते हेच आहे. आपल्या भाषेत कर्ता बाजूला ठेवूनही पूर्ण वाक्य बोलण्याची मोठी सोय आहे. चहा होतो, डबा भरलेला असतो, कपडे वाळत पडतात, पाहुण्यांचे होऊन जाते. वाक्याला काही कमी पडत नाही, पण माणूस त्यातून निघून जातो. ‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड केली तर त्याचा अर्थ ‘केलेले जाणणारा’ असा होतो. त्यात आभाराचा कोठेही उल्लेख नाही. आपल्या आयाबायांनी त्यासाठी योजलेला ‘जाणीव’ हा शब्दही जाणण्याचाच आहे. कोणी केले हे जाणणे हीच कृतज्ञता असेल, तर तिची सुरुवात वाक्यात कर्ता परत आणण्यापासून करता येईल, असे मला त्या दिवशी वहीतील वाक्यांकडे पाहताना प्रथमच स्पष्ट दिसले. त्यानंतर मी हा मार्ग इतर जोडप्यांबरोबरही वापरला आहे आणि तो पुष्कळदा उपयोगी पडला आहे, हे समाधानाने सांगते.

मात्र दोष एकट्या नवऱ्याचा नव्हता. पुढच्या भेटीत मी तिला व्यवसायाविषयी बोलते केले. तीही म्हणाली, ‘‘ऑर्डर येते, अ‍ॅडव्हान्स येतो, मग मी तारीख लिहून घेते.’’ ऑर्डर येते ती कोठून, असे विचारल्यावर तिने उत्तर दिले, ‘‘लोकांना आमचं काम माहीत आहे.’’ तेव्हा तो प्रथमच बोलू लागला. चातुर्मासात तो कार्यालयांच्या व्यवस्थापकांना, आचाऱ्यांना आणि भटजींना भेटत फिरतो, त्यांच्या घरची बारशी आणि मुंजी फुकट काढून देतो, तेव्हा त्यांच्याकडून चार नावे मिळतात. लग्नाच्या दिवशी शेवटची पंगत उठल्यावर चार वाजता जेवतो. मागच्या हंगामात अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी तो मध्ये आला म्हणून नवरीच्या एका नातेवाइकाने सर्वांदेखत त्याचा दंड धरून त्याला मागे ओढले होते, आणि पुढची बाकी यायची असल्यामुळे त्याने हात जोडून माफी मागितली होती.

‘‘हे मला कधी सांगितलं नाहीत,’’ ती म्हणाली.

‘‘रात्री बारा वाजता येऊन काय सांगायचं?’’

मी दोघांना एक साधे काम दिले. दिवसातून एकदा, जेवणाच्या वेळी, समोरच्याने त्या दिवशी केलेली एक गोष्ट कर्त्यासह सांगायची. ‘छान’, ‘ग्रेट’, ‘थँक्यू’ यांतील एकही शब्द वापरायचा नाही. ‘आज तू चार फोन घेतलेस’, ‘तुम्ही आज गॅसचा नंबर लावलात’ एवढेच बोलायचे. कौतुकाचे शब्द मी मुद्दाम बाजूला ठेवते, कारण कौतुक हा निवाडा असतो आणि निवाडा देणारा नकळत एक पायरी वर चढून बसतो. पाहिल्याची पोच मिळाली की माणसाला पुरते.

पहिले दोन आठवडे हे काम फसले. तो हजेरी दिल्यासारखे एक वाक्य म्हणून ताटावरून उठायचा. ती माझ्यासमोर चिडून म्हणाली, ‘‘तुम्ही सांगितलं म्हणून म्हणतात. आपणहून कळलंच पाहिजे ना? मागून घेतलेल्या जाणिवेला काय अर्थ आहे?’’

हा प्रश्न मला प्रत्येक जोडप्याकडून येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी घडण झाली आहे, त्यामुळे असा ‘कळलंच पाहिजे’मधला ‘च’ कानावर पडला की मी तेथेच थांबते. इच्छा रास्त असते. तिच्या शेपटीला लागलेला ‘च’ तिची सक्ती करून टाकतो, आणि सक्ती पुरी झाली नाही की वाईट वाटण्याऐवजी अन्याय झाल्यासारखे वाटू लागते. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. मी तिच्या कामातूनच विचारले, ‘‘लग्नाच्या आधी तुम्ही ग्राहकाकडून काही लिहून घेता का?’’

‘‘घेतो की. नातेवाइकांची यादीच घेतो. करवली कोण, मामा कोण, कोणत्या आजीचा फोटो राहता कामा नये, सगळं. नाहीतर आम्हाला कसं कळणार?’’

‘‘मग यादीवरून काढलेला आजीचा फोटो खोटा ठरतो का?’’

ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, ‘‘नाही. उलट तोच फोटो लोक मोठा करून घेतात.’’

त्यानंतरच्या भेटीत तिने स्वतःची यादी आणली. तिच्यात तीनच गोष्टी होत्या, आणि त्यांतली एक तक्रारीच्या सुरात होती. व्हिडिओ काढताना तो सतत मदतनिसांशी बोलतो, ते सगळे आवाज कॅमेऱ्यात येतात, आणि एखादी चूक झाली की ‘असू दे, ती बघेल घरी’ असे म्हणून मोकळा होतो. ‘‘सगळ्या चुका माझ्यावर ढकलून देतात,’’ ती म्हणाली. मी तिला असा एखादा तुकडा ऐकवायला सांगितले. लॅपटॉप तिच्याजवळच होता.

हळदीचे चित्रण होते. मदतनिसाचा आवाज आला, ‘‘दादा, मागची ट्यूब हिरवी मारतीये.’’ त्यावर याचा आवाज: ‘‘असू दे. ती बघेल घरी.’’ तिने नेहमीच्या सवयीने आवाज बंद करायला हात पुढे केला, पण मी तो थांबवला. बायकांच्या गाण्यातून पुढचे वाक्य अस्पष्ट पण पुरेसे ऐकू आले: ‘‘तिच्या हाताला जमतं ते. आपल्याला नाही जमत.’’

तिने तो तुकडा पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. चित्रणावर शेवटी गाणे बसवायचे असल्यामुळे मूळ आवाज काढून टाकणे ही तिच्या कामाची पहिलीच पायरी असते. असे किती तुकडे तिने न ऐकताच बंद केले असतील याचा हिशेब ती मनात करत असावी. त्याच्याकडे वळून ती म्हणाली, ‘‘हे घरी का नाही बोललात कधी?’’

तो खरोखरच गोंधळला होता. ‘‘तुला माहीतच आहे की.’’

जाणीव त्याच्याकडे होती. ती मदतनिसापर्यंत पोहोचत होती, कदाचित कार्यालयाच्या व्यवस्थापकापर्यंतही पोहोचत होती, पण जिच्यासाठी होती तिच्यापर्यंत येत नव्हती, कारण तिला ते माहीतच असेल असे त्याने गृहीत धरले होते. मी त्या दिवशी पुढे काहीही केले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलणे आवरायला शिकावे लागते, आणि ते शिकायला मला बरीच वर्षे लागली.

खरा बदल त्यानंतरच्या, म्हणजे आठव्या भेटीत झाला. विषय करोनाच्या काळाचा निघाला होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ऐन हंगामाच्या तोंडावर त्यांच्या सगळ्या तारखा गेल्या. पुढच्या वर्षी काम सुरू होते आहे असे वाटत असतानाच एप्रिल २०२१ मध्ये लग्न दोन तासांत आणि पंचवीस माणसांत उरकण्याचे बंधन आले, आणि त्यात फोटोग्राफर कोण बोलावणार? नव्या कॅमेऱ्याचे हप्ते मात्र चालू होते. तो सांगत होता, ‘‘मग त्या वेळी पाटल्या मोडाव्या लागल्या,’’ आणि पुढच्या वाक्याकडे जाता जाता तो थांबला. मी काही सुचवले नव्हते. त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहून वाक्य पुन्हा उच्चारले: ‘‘तू पाटल्या मोडल्यास. त्या तुझ्या आईच्या होत्या. सोनाराकडं तू एकटी गेलीस, कारण मला लाज वाटत होती.’’

ती रडली. नंतर तिने मला सांगितले की पाटल्या मोडल्याचे दुःख तिने केव्हाच मागे टाकले होते. त्या आईच्या होत्या हे त्याच्या लक्षात असेल, याची मात्र तिला कल्पनाच नव्हती. तो विषय घरात कधी निघाला नव्हता. त्याला वाटत होते की काढला तर तिला यातना होतील, आणि तिला वाटत होते की तो विसरला. एका कर्त्याने आणि एका ‘तुझ्या आईच्या’ या शब्दांनी तीन वर्षांची गाठ सुटली. आभाराचा एकही शब्द त्यात नव्हता.

अशा जोडप्यांना मी जे सांगते त्यातील दोन-तीन गोष्टी येथे नोंदवते. पोच देण्याची वेळ निवडावी; चौदा तास पायांवर उभ्या राहिलेल्या माणसाशी रात्री बारा वाजता हे बोलायला बसू नये, आणि अल्बमची मुदत डोक्यावर असलेल्या माणसाशीही नाही. या दोघांनी हंगामासाठी सकाळचा चहा ठरवला, कॅमेऱ्याचा आणि ग्राहकांचा विषय त्या चहापुरता बंद ठेवून. दुसरे म्हणजे, जुनी थकबाकी एका बैठकीत वसूल करायला जाऊ नये. चौदा वर्षांचे सगळे केलेले काढून बसले की ते आरोपपत्र होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याबाबत मी कोणाचीही भीड ठेवत नाही: जाणीव ही हिश्शाची जागा घेऊ शकत नाही. या दुकानाच्या पाटीवर एकट्या त्याचे नाव होते, बँकेचे खाते त्याचे, उद्यम नोंदणी त्याच्या नावावर. तिच्या नावावर कोणताही कागद नव्हता. ‘तू आहेस म्हणून सगळं आहे’ असे म्हणायचे आणि कागदावर ती कोठेही नसायची, ही कृतज्ञता अपुरी आहे आणि काही घरांत ती फसवणूक ठरते. नवव्या भेटीत मी हा विषय स्वतःहून काढला. त्याला तो लगेच रुचला नाही. ‘‘घरातच तर आहे सगळं,’’ असे तो म्हणाला. मी विचारले, ‘‘असते, की कोणाचे असते?’’ आता हा प्रश्न त्याला ओळखीचा होता. त्यांनी कर सल्लागाराला गाठून रीतसर भागीदारी करार करायचे ठरवले आणि दसऱ्याच्या आधी तो केलाही. ज्या घरात मारहाण किंवा सततचा अपमान आहे, तेथे मात्र यातील काहीही लागू पडत नाही. तेथे बाईने पोच देण्याचा अभ्यास करायचा नसतो. तिने आधी सुरक्षित व्हायचे असते, आणि त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि १८१ ही महिला मदतवाहिनी आहे.

शेवटच्या भेटीत मी पुन्हा त्याच चिठ्ठ्या दिल्या. बेरीज एकशे अठरा झाली. ती शंभरच व्हावी असा माझा आग्रह नसतो. पण आता दोघांनी स्वतःहून एकमेकांना विचारायला सुरुवात केली की तुझ्या आकड्यात काय काय धरले आहेस, आणि अर्धा तास मला मध्ये बोलावेच लागले नाही.

तुळशीचे लग्न होऊन हंगाम लागला आणि भेटी थांबल्या. मार्गशीर्षात एकदा तिचा फोन आला. काही अडचण नव्हती, नुसतेच सांगायचे होते. आता बॅग दोघे मिळून भरतात. बॅटऱ्यांची बाजू त्याने स्वतःकडे घेतली आहे आणि लाल रबरे तोच लावतो. परवा एका कार्यालयातून सकाळी सातला त्याचा फोन आला होता. एरवी तो ‘चार्जर राहिला’ म्हणाला असता, असे ती म्हणाली. या वेळी म्हणाला, ‘‘अगं, चार्जर मी विसरलो.’’